मीठुं पाणी

गोरव्याच्या नाक्यावर, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
आम्ही अकरा जण मिळून एक वीजकेंद्र काढत होतो.
पाचशे मेगावॅटचे चार संच,
शिवाय पुढच्या दोघांसाठी राखलेली जागा.
कोळसा मी तोवर फक्त
इस्त्रीवाल्या रमणीकच्या गाड्यावर पाहिलेला.

दोनशे पंचाहत्तर मीटरची चिमणी
वरून पाहिली की टिकलीएवढं वर्तुळ.
ते मी श्वास धरून काढायचे,
कारण उन्हाळ्यात शाई पेनाच्या नाकाशी थबकते
आणि एकदम सुटते.

भूपत राठवा साइटवरून आला की
दाराबाहेर त्याच्या चपला लाल असायच्या.
दोन रात्रींच्या प्रवासात घामानं फुगलेली मोजणीची वही,
तीत सगळं:
घरं एक्केचाळीस.
चिंच, दोन.
देवीचा दगड, शेंदूर ताजा.
आणि विहिरीच्या गोल खुणेशेजारी पेन्सिलनं
मीठुं पाणी.
हे कशाला लिहिलंस, मी विचारलं.
पीधुं ने, बेन, म्हणाला.
प्यालो ना.

पहिल्या प्रतीत मी सगळं उतरवलं,
ते दोन शब्दही, आपल्या लिपीत.
दुसऱ्या सुधारणेत राखेचा तलाव आला.
जशभाईंनी लाल पेन्सिल फिरवली,
एकशे ऐंशी हेक्टर,
भाताला आळं करावं तशी.

मग ब्लेड.
ट्रेसिंगवरची शाई पुसत नाहीत, खरवडतात.
घर म्हणजे चौकोन, चार ओढींत जातं.
चिंचेला वेळ लागतो, तिचा काठ वेडावाकडा.
नंतर ती जागा नखानं घोटायची,
नाहीतर नवी शाई फुटते.
संध्याकाळी पदरावर काळा भुगा.
दांडिया बाजारात रिक्षातून उतरले
की मी तो झटकायचे.

विहीर खरवडली. अक्षरं राहिली.
विसरलीस, जशभाई म्हणाले.
मीही अजून तसंच म्हणते.

चौदा प्रती निघाल्या, अमोनियाच्या वासाच्या.
तीन महिन्यांनी ठेकेदाराचं पत्र,
साताऱ्याकडचे कुणी इंजिनिअर, सही टोकदार:
राखेच्या तलावाच्या मधोमध
'मीठुं पाणी' असे लिहिलेले आढळले.
भूजल खारट आहे काय?
असल्यास सिमेंट कोणते वापरावे?
दरात फरक पडेल. त्वरित कळवावे.

अख्खं ऑफिस हसलं, चहावाला पोरगासुद्धा.
आमच्या बडोद्यात मीठुं म्हणजे मीठ
आणि मीठुं म्हणजे गोड,
कुठलं ते बोलणाऱ्याच्या तोंडावरून कळतं.
नकाशाला तोंड नसतं.
मीही हसले. भूपत तेव्हा दुसऱ्या साइटवर होता.

उत्तर एका ओळीचं गेलं:
सदर टीप रद्द समजावी.

सुधारणा क्रमांक पाच.
बदल केला तिथे ढग काढायचा असा नियम,
लहान लहान कमानी जोडत, फिरवत
पुन्हा पहिल्या कमानीला आणून मिळवायचा,
म्हणजे साइटवरच्याला कळतं, इथे बघ.
मी काढला. सतरा कमानी.
आत काही नाही.

खाली चौकटीत
आरेखन, सु. खं. तपासले, ज. अ.
मोजणी कुणाची, त्याला रकाना नव्हता.

दिवाळीनंतर भूपत आला, वाळलेला.
वही माझ्या टेबलावर ठेवली,
कोपऱ्यातल्या माठाशी गेला,
उभ्याउभ्याच दोन पेले प्याला.
कसं आहे, असं मी विचारणार होते.
पण वीज गेली होती,
आणि सगळे आपापले बोर्ड
खिडकीकडे ओढत होते, उजेडाला.